नवी रेड, जुनी रेड
आज एकाच वायनरीच्या कॅबर्ने सोव्हिन्यॉन या रेड वाइनच्या दोन बाटल्या उघडल्या, एक अगदी नवी आणि एक 2008 ची. नवी ओतल्या ओतल्या नुसती तुरट, हिरड्या आवळल्यासारख्या झाल्या, वास पण बंद बंद, मग डिकँटरमध्ये (वाइनला हवा लागावी म्हणून ती ओतून ठेवायचं काचेचं भांडं) तासभर ठेवली तर काळ्या बेरीजचा वास असा काही उघडला की बास! जुनीचं उलटंच, कडेला विटकरी रंग, तळाशी गाळ (तुरटपणा देणारी टॅनिन आणि रंगद्रव्यं वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटून खाली बसतात, ती मऊ लागते त्याचं एक कारण हेच), पहिल्याच घोटात चामडं, तंबाखू, सुकलेली पानं. पण हवा तिला सोसत नाही, अर्ध्या तासात वास विरायला लागला. त्यामुळे सरसकट सगळ्याच रेडला 'ब्रीद होऊ दे', म्हणजे पिण्याआधी हवा लागू दे, म्हणतात ते मला काही पटत नाही. नवीची अर्धी बाटली उरलीय, उद्या बघू कशी लागते.