उचल त्याले!

सुवर्णमहोत्सवाचं पत्र आलं आणि डोळ्यांपुढे उभे राहिले ते आपले पी.टी.चे सर. शाळेबद्दल चार शब्द लिहा म्हणता, पण माझी शाळा म्हणजे सरच.

शनिवारी कवायत संपली की सर निंबाखाली बसवून गोष्ट सांगत. शिपाई नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातल्या निमजचे, मराठा लाइट इन्फंट्रीतले. ९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनियो नदी. सोबतचे बहुतेक पडलेले. या तेवीस वर्षांच्या जवानानं एका जखमीला उचललं आणि खोल पाण्यातून, निसरड्या बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून मागं आणलं. वरून मशीनगन चालूच. ‘आणि पुन्हा गेला. दुसऱ्यासाठी पुन्हा गेला!’ हे सर दोनदा म्हणायचे. पुढं जाधवांनी तीन मशीनगन बंद पाडल्या, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ते मात्र एका वाक्यात उरकायचे.

नववीत असताना सरांनी आम्हाला बोरी नदीच्या पात्रात पळायला नेलं होतं. (आता तिथं वाळूच राहिली नाही, सगळी ट्रॅक्टरनं गेली. पोरांनी पळायचं कुठं?) माझ्या बाकावरच्या सोबत्याच्या टाचेत बाभळीचा काटा खोल रुतला. मी पहिला नंबर काढायच्या नादात पुढं गेलो होतो. मागून शिट्टी वाजली.

‘उचल त्याले!’

मी बगलेत धरून ओढू लागलो. सरांनी थांबवलं, त्याला माझ्या दोन्ही खांद्यांवर आडवा टाकला, त्याचं मनगट माझ्या हातात दिलं. त्याचा घाम माझ्या मानेवर, रक्त खाकी चड्डीवर. तापलेल्या वाळूतून कसाबसा काठावर आलो, तर सर म्हणाले, ‘चपला राहिन्यात त्यान्या. जाय, लई ये.’ म्हणजे, जा, घेऊन ये.

तेव्हा फार राग आला होता.

१९८९ साली भरती झालो. बेळगावला उस्तादांनी जखमीला खांद्यावर घ्यायला शिकवलं, तेव्हा माझ्या हातांना ते आधीच येत होतं. पुढं काश्मिरात एका रात्री ते कामी आलं. एकाला ठेवून मी परत गेलो. त्या दुसऱ्या जवानानं परवा मुलीच्या लग्नाची पत्रिका पाठवली.

हे सरांना सांगायचं होतं. पत्रात नको, समोर बसून सांगू म्हणून ठेवलं. सुटी मिळून गावी पोचलो, तेव्हा सरांचा दहावाही होऊन गेला होता.