आमची वाटचाल : कार्बाईडचा गॅस धुताना

कार्बाईडच्या गॅसला, म्हणजे कॅल्शियम कार्बाईडवर पाणी पडून निघणाऱ्या ॲसिटिलीनला, लसणासारखा उग्र वास येतो. पुष्कळ वेल्डर तो ॲसिटिलीनचाच वास समजतात. शुद्ध ॲसिटिलीनचा वास ईथरसारखा, अगदी मंद असतो. नाकात जातो तो मुख्यतः फॉस्फीन. कॅल्शियम कार्बाईडमध्ये कॅल्शियम फॉस्फाईड, सल्फाईड आणि नायट्रोजनची संयुगं थोडी थोडी असतातच. पाणी लागलं की त्यांतून अनुक्रमे फॉस्फीन, हायड्रोजन सल्फाईड आणि अमोनिया निघतो. हे तीन बाहेर काढणं हाच आमचा धंदा.

सुरुवात डीए प्लांटना, म्हणजे ॲसिटिलीन ॲसिटोनमध्ये विरघळवून सिलिंडरमध्ये भरणाऱ्या कारखान्यांना, प्युरिफायरचा मीडिया (गॅस शुद्ध करणारा माल) पुरवण्यापासून झाली. गिऱ्हाईक म्हणजे कोल्हापूरच्या शिरोली-गोकुळ शिरगाव पट्ट्यातल्या फाउंड्र्यांना सिलिंडर देणारे छोटे प्लांट. मीडिया म्हणजे किसलगूर या सच्छिद्र मातीवर चढवलेलं फेरिक क्लोराईड. फॉस्फीनचं त्यात फॉस्फोरिक ॲसिड होतं आणि फेरिकचं फेरस होतं. पिवळसर तपकिरी रंग हिरवट-राखाडी झाला की माल थकला. बाहेर काढून उघड्यावर पातळ पसरला तर हवेतला ऑक्सिजन त्याला परत फेरिक करतो, आणि तोच माल पुन्हा भरता येतो. जुन्या नुस्ख्यांत त्यात पाऱ्याचा क्षारही घालत. काम झकास होतं, पण वापरलेल्या मालाची विल्हेवाट कुठे लावणार? आम्ही पारा पहिल्यापासून टाळला.

तक्रार कायम एकच यायची : ‘मीडिया लवकर बसतो’, म्हणजे थकतो. आणि बहुतेक वेळा दोष मीडियाच्या आधी असायचा. अमोनिया पाण्यात सहज विरघळतो. पण पाण्याचा स्क्रबर (गॅस धुण्याचं भांडं) कोरडा पडला किंवा तेच पाणी दिवसभर फिरवलं तर अमोनिया पुढे येतो आणि फेरिक क्लोराईडचं गाळासारखं हायड्रॉक्साईड करून टाकतो. असा माल कितीही उन्हात ठेवा, परत येत नाही. हायड्रोजन सल्फाईडचंही तसंच. जनरेटरमध्ये, म्हणजे जिथे कार्बाईड पाण्यात पडून गॅस आणि चुना होतो त्या टाकीत, पाणी भरपूर असेल तर त्याचा मोठा वाटा चुन्याच्या निवळीतच अडकतो. पाणी कमी पडलं, तापमान चढलं, की तो गॅसबरोबर निसटतो. एक किलो कार्बाईडमागे सुमारे २००० किलोज्यूल उष्णता सुटते, म्हणून वेट जनरेटरला किलोमागे ८ ते १० लिटर पाणी लागतंच. पाणी वाचवायला गेलात तर मीडियाचा खर्च वाढतो, हे सांगून आमची जीभ झिजली आहे. फॉस्फीन मात्र चुन्यालाही दाद देत नाही आणि पाण्यालाही नाही. तो जेवढा निघाला तेवढा मीडियापर्यंत येतो.

म्हणून नुसता माल विकणं सोडून आम्ही पूर्ण लाईन बनवायला घेतली. क्रम ठरलेला : जनरेटर, पाण्याचा स्क्रबर, फेरिकचे दोन टॉवर, मग कॉस्टिक किंवा चुन्याचा डबा, मग ड्रायर. फेरिकमधून हायड्रोक्लोरिक ॲसिडचा अंश गॅसबरोबर येतो. मधला डबा नसेल तर पुढे कॉम्प्रेसरचे व्हॉल्व्ह खातो. टॉवर माइल्ड स्टीलचा, पण आतून रबर लायनिंग हवंच. लायनिंगला सूतभर चीर गेली तरी बाहेरून गंज दिसेपर्यंत पत्रा गेलेला असतो. मीडियाचा थर आम्ही ट्रेमध्ये २०० मिमीपेक्षा जाड करत नाही. जाड थर स्वतःच्या ओलाव्याने दबतो, गॅस कडेने वाट काढतो, आणि मधला माल पिवळाच राहून बाहेर फॉस्फीन दिसू लागतो. उलट माल फार कोरडा झाला तरी प्रक्रिया थंडावते. मुठीत दाबल्यावर ढेकूळ व्हावा, पण हाताला पाणी सुटू नये, इतपत ओल.

टॉवर उघडताना घाई चालत नाही. हवेत ॲसिटिलीन सुमारे २.५ टक्क्यांपासून ८० टक्क्यांच्या आसपासपर्यंत पेट घेतं. एवढी रुंद मर्यादा फार थोड्या गॅसना आहे. आधी नायट्रोजन सोडून आतला गॅस हाकलायचा (पर्ज), मग झाकण. थकलेला माल हवा लागताच तापतो, म्हणून ढीग करायचा नाही. लाईनमध्ये ६५ टक्क्यांहून जास्त तांबं असलेली मिश्रधातू आम्ही बसवत नाही, गेजच्या आतल्या नळीतसुद्धा. कॉपर ॲसिटिलाईड कोरडं झालं की धक्क्यानेही फुटतं.

सल्फ्युरिक ॲसिडचा आणि हायपोक्लोराईटचा स्क्रबर, दोन्ही मागणी असूनही लहान प्लांटला दिले नाहीत. ॲसिड थंड ठेवलं नाही तर ॲसिटिलीनचंच काळं, चिकट पॉलिमर होतं आणि ते ॲसिड कुणी घेत नाही. हायपोमध्ये पीएच घसरला की मोकळा क्लोरीन सुटतो. ॲसिटिलीनबरोबर क्लोरीन म्हणजे स्फोट. रात्रपाळीला एकच ऑपरेटर असलेल्या ठिकाणी हे बसवणं आम्हाला पटत नाही.

तपासणी साधी आहे. फिल्टर पेपरवर १० टक्के सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकून गॅसच्या झोतात १० सेकंद धरायचा. डाग न पडणं किंवा फिकट पिवळा पडणं ठीक; तपकिरी-काळा म्हणजे टॉवर बदला. हायड्रोजन सल्फाईडसाठी लेड ॲसिटेटचा वेगळा कागद. वापरलेला सिल्व्हरचा कागद खिशात किंवा टेबलावर वाळू द्यायचा नाही, त्यावर सिल्व्हर ॲसिटिलाईड असतं. तो लगेच पाण्यात, मग सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये.

कॉम्प्रेसरनंतरच्या कॅल्शियम क्लोराईडच्या ड्रायरकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. दर पाळीला तळाचं खारं पाणी काढलं नाही तर गॅस ओला जातो आणि ते पाणी सिलिंडरमधल्या ॲसिटोनमध्ये साठत राहतं. काट्यावर वजन बरोबर दिसतं, म्हणून ॲसिटोन टॉप-अप होत नाही. अशा सिलिंडरमध्ये गॅस कमी विरघळतो आणि दाब लवकर चढतो. ‘सिलिंडर गॅस घेत नाही’ ही तक्रार आली की आम्ही आधी ड्रायर उघडतो.

अलीकडे प्रयोगशाळांकडून, विशेषतः ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन यंत्र (ॲसिटिलीनच्या ज्योतीत नमुना सोडून त्यातले धातू मोजणारं) असलेल्यांकडून काम येतं. त्यांना फॉस्फीनइतकाच ॲसिटोनचा त्रास होतो. सिलिंडरचा दाब चौरस सेंटीमीटरला ७ किलोच्या खाली गेला की ॲसिटोन गॅसबरोबर वाढत्या प्रमाणात येतो आणि ज्योतीची बेसलाईन हलते. सिलिंडर तिथेच बदला, एवढं त्यांना सांगतो. बाहेर कार्बनचा फिल्टर देतो, पण तो भरला की उलट ॲसिटोन सोडतो. निर्वात भट्टीत कार्बुरायझिंग करणाऱ्यांना (पोलादाच्या पृष्ठभागात कार्बन मुरवणाऱ्यांना) ॲसिटोनऐवजी डीएमएफ (डायमिथाइल फॉर्मामाइड) हा द्रावक भरलेले सिलिंडर लागतात. तिथे ॲसिटोनचा प्रश्न मिटतो, फॉस्फीनचा टॉवर मात्र आमचा तोच.