कुंडलिकेवर उन्हाळ्याच्या तोंडाला: फ्लाय निवडण्याआधी दगड उलटून बघा

होळी उलटली की मुंबईच्या आसपासच्या बऱ्याच नद्या डबक्यांवर येतात. कुंडलिका मात्र वाहती असते, कारण मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून तिच्यात उतरतं. म्हणून फ्लाय फिशिंगसाठी, म्हणजे गळावर पिसं-दोरा बांधून केलेल्या नकली किड्याने (फ्लायने) मासे धरण्यासाठी, मी तिच्या काठचं कोलाड गाठतो. पनवेल ते नागोठणे रस्ता जीव नकोसा करतो, त्याबद्दल इतकंच.

सकाळी पाणी सोडलेलं असतं, राफ्टिंगच्या बोटी सुटतात. त्या वेळी पात्रात उतरणं निव्वळ वेडेपणा. बोटींची वर्दळ संपून पाणी उतरलं, की मग खळाळात शिरायचं. तेव्हाही काठावरचा एक दगड हेरून ठेवावा. त्याचा कोरडा भाग भिजू लागला, की रॉड आवरून बाहेर यायचं. पाणी विजेच्या गरजेप्रमाणे सुटतं, तुमच्या सोयीने नाही.

आता खरी गोष्ट. माणसं डबीतली सगळ्यात देखणी फ्लाय बांधून मोकळी होतात, याची मला मनापासून चीड येते. आधी गुडघाभर पाण्यातला एक दगड उचला आणि खालची बाजू बघा. मासे ज्या अळ्या खातात त्या तिथे दिसतील, फ्लाय त्यांच्यासारखी हवी. चपटी, कडेने कल्ले हलवणारी, शेपटाला बहुधा तीन तंतू असलेली अळी मेफ्लाय या किड्याची. वाळूचे कण रेशमाने चिकटवून केलेल्या नळीत राहते ती कॅडिस या दुसऱ्या किड्याची. मेफ्लायच्या अळीच्या पाठीवरचे पंखांचे कोंब काळे पडून फुगलेले असतील, तर ती लवकरच पंख फोडणार. बघून झालं की दगड होता तसाच ठेवा. काठाजवळच्या दगडांवर मात्र फार काही मिळत नाही. रोज पाणी चढतं-उतरतं, त्यामुळे तिथे चिकटवलेली अंडी उघडी पडून सुकतात. सदैव ओल्या राहणाऱ्या खडीतच शोधा.

उन्हं कलल्यावर, दिवेलागणीपर्यंत 16 नंबरच्या गळावरची, मणी बसवलेली फेझंट टेल निम्फ (पाण्याखालच्या अळीची नक्कल करणारी फ्लाय) पुरते. 5 वेटचा (मध्यम वजनाच्या लाइनचा) रॉड, तरंगणारी लाइन, तिच्या टोकाला 9 फुटी लीडर, म्हणजे निमुळता होत जाणारा पारदर्शक धागा, आणि पुढे 5एक्स जाडीचा टिपेट, म्हणजे फ्लाय बांधायचा शेवटचा बारीक धागा. प्रवाहाच्या वरच्या अंगाला तिरकी टाका आणि लाइनचा पोटाळा (मधला झोळ) लगेच वर उचलून ठेवा. तो प्रवाहाने ओढला, की फ्लाय पाण्यापेक्षा वेगाने पळते आणि मासा तोंड फिरवतो.

दिवेलागणीला कीटक उठतात. पंख शिडासारखे उभे धरून तरंगते ती मेफ्लाय. छपरासारखे मिटून पाण्यावर धावते ती कॅडिस, तिच्यासाठी 14 नंबरची एल्क हेअर ही तरंगणारी फ्लाय. पण पाणी नुसतं फुगतंय, माशाची पाठ दिसतेय आणि तोंड वर येत नाही, असं असेल तर तो पृष्ठभागाखालची, वर येणारी अळी खातोय. तेव्हा कोरडी, म्हणजे पाण्यावर तरंगणारी फ्लाय व्यर्थ. लीडरला ग्रीस लावा, शेवटची चार-पाच इंच सोडून. निम्फ पृष्ठभागाच्या जरा खाली लटकते आणि ताण जाणवतो.

गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने चेपून घ्या, मासा धरण्याआधी हात ओले करा. भर दुपारी गळ टाकूच नका. कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो, दमवून सोडलेला मासा पुढे जाऊन मरतो. गावात कुणाकडे मासेमारीचा ठेका आहे, तेही आधी विचारून घ्यावं.

कोकणातल्या नद्यांत डोहात ब्लीचिंग पावडर ओतून मासे उचलणारे आहेत, त्यांचा मला संताप येतो. माशाबरोबर दगडाखालची ही सगळी जीवसृष्टीही संपते.

मृग लागला, पहिला पाऊस पडला, की वाळवीचे पंखवाले कीटक ढगासारखे उठतात आणि मासे वेड्यासारखे खातात. फ्लायवाल्याला मोह होणारच. पण तेव्हाच वलगणीचे, म्हणजे पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध चढणारे मासे अंड्यांनी भरून ओढ्यांत शिरतात. त्या दिवसांत फ्लाय टाकू नये, असं माझं ठाम मत आहे.