आमची वाटचाल : जळगावातली चष्म्याच्या काचांची लॅब

वडिलांचं चष्म्याचं दुकान होतं, काचा बाहेरून यायच्या, आपण फक्त घासून फ्रेममध्ये बसवायच्या. प्रोग्रेसिव्हची, म्हणजे एकाच काचेत दूरचं आणि जवळचं दाखवणाऱ्या चष्म्याची, गिऱ्हाइकं वाढली तशी परत येणारी पण वाढली, धुळ्याचे एक काका तर दारातूनच ओरडले, "भो, पायरी हालस ना!" (पायरी हलते ना!) तेव्हा ठरवलं की ही काच आपणच बनवायची.

प्रोग्रेसिव्ह काय नवी नाही, फ्रान्समध्ये मेतनाझ यांची व्हॅरिलक्स १९५९ लाच बाजारात आली. वरून खाली नंबर हळूहळू वाढत जातो, रेघ दिसत नाही, चाळिशी लागली हे चारचौघांत कळत नाही. पण फुकट काही मिळत नाही. मिंकविट्झ यांनी १९६३ मध्ये गणितानेच दाखवलं की मधल्या पट्ट्यात नंबर ज्या वेगाने वाढतो त्याच्या दुप्पट वेगाने बाजूला नको असलेला सिलिंडर, म्हणजे धूसर दाखवणारा तिरपा नंबर, वाढतो. म्हणजे २.०० ची ऍडिशन (वाचायला लागणारा जादा नंबर) १४ मिमी कॉरिडॉरमध्ये, म्हणजे त्या मधल्या पट्ट्याच्या लांबीत, बसवली तर मधल्या रेषेपासून साधारण साडेतीन मिमीवर १.०० चा सिलिंडर, आणि फॅशनची बुटकी फ्रेम आणून कॉरिडॉर १० केला की तोच अडीच मिमीवर! हे धूसरपण काढता येत नाही, फक्त कुठे ढकलायचं ते ठरवता येतं. कडेला गोळा केलं की मधे साफ पण मान वळवली की सगळं डुलतं, सगळीकडे पसरवलं की डुलणं कमी पण वाचायची जागा अरुंद.

फ्रीफॉर्म मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या डिझाईनप्रमाणे काच कोरणारं, सेकंडहँड घेतलं, डिझाईनचं सॉफ्टवेअर कंपनीचं, दर काचेमागे पैसे. मशीनमध्ये काच धरायला लागणारा अलॉय (मिश्रधातू) ४७ डिग्रीला वितळतो आणि आमच्या मे महिन्याचं तर विचारूच नका, म्हणून पहिला एसी मशीनला लागला, मी पंख्याखालीच.

सराफ बाजारातले कारागीर हे आमचं आवडतं काम. त्यांना पाटावर बसून दूरचं बघायचंच नसतं, मग हातातल्या दागिन्यापासून फार तर काउंटरपर्यंतचाच नंबर ठेवला की फरक कमी, तो लांबवर पसरवता येतो आणि बाजूचा सिलिंडर आपोआप उतरतो. तोच माणूस गाडीवर निघाला की चष्मा बदलायचा, हे आधीच सांगतो. रावेरच्या केळीवाल्याला हे चालणार नाही, त्याला ट्रक पण बघायचा आणि मोबाईलवरचा भाव पण.

आता ऑर्डरवर दोन्ही डोळ्यांचा वेगवेगळा पीडी (नाकाच्या मध्यापासून बाहुलीपर्यंतचं अंतर) आणि फ्रेम तोंडावर ठेवून घेतलेली फिटिंग हाईट (फ्रेममध्ये बाहुली किती उंचीवर येते ते माप) नसेल तर काच मशीनला लावतच नाही, दुकानदार फोनवर कितीही तापला तरी.