पुडी पेठेतली, बैठक घाटावरची

सांगलीत आलेल्या पाहुण्यानं विचारलं, "इथं निवांत बसून खायला चांगली जागा कुठली?" की सांगलीकर जरा अडखळतो. प्रश्नातच गोम आहे. या गावात खायची जागा एकीकडं आणि निवांत बसायची दुसरीकडं. भडंग मिळतं पेठेत आणि ते खायचं असतं कृष्णेच्या पायऱ्यांवर. मधे दहा-पंधरा मिनिटांची चाल आणि हातात पुडी. सगळं कसब या मधल्या वेळात आहे, कारण कांदा पडलेलं भडंग दहा मिनिटांच्या पुढं काही तग धरत नाही.

आधी भडंगाबद्दल. ज्यानं ते फक्त पाकिटातून खाल्लंय त्याला वाटतं, तिखट लावलेले चुरमुरे, त्यात काय एवढं! पण चुरमुऱ्यापासूनच फरक सुरू होतो. भेळेचे चुरमुरे बारीक, घट्ट, खारट. भडंगाचे लांब, जाड, हलके आणि दाताखाली लगेच पिचणारे. भेळेच्या चुरमुऱ्यांचं भडंग केलं तर मसाला नुसता वरवर बसतो. उलट भडंगाच्या चुरमुऱ्यांवर चिंचेचं पाणी घातलं की भेळेऐवजी लगदा हाती येतो. दोन्ही होतात उकड्या तांदळाचेच. मिठाचं पाणी लावलेला तांदूळ भट्टीवरच्या तापलेल्या वाळूत फुलवतात. म्हणून पोत्यात थोडी कणी, थोडा चुरा असायचाच. चाळल्याशिवाय चुरमुरे कढईत टाकणाऱ्याच्या भडंगात एखादा कचका येतो आणि खाणाऱ्याची दाढ त्याला आयुष्यभर विसरत नाही.

घरी करायचं तर पाव किलो चुरमुऱ्यांचं प्रमाण ठीक. त्याहून जास्त घेतले तर घरातल्या कुठल्याच पातेल्यात ते हलवता येत नाहीत आणि निम्मे पांढरे राहतात. चुरमुरे तास-दोन तास कडक उन्हात टाकावेत. ऊन नसेल तर मोठ्या कढईत मंद आचेवर चार-पाच मिनिटं परतावेत. चिमटीत धरून दाबल्यावर भुगा झाला पाहिजे. नुसता चपटा झाला तर अजून दमट आहे. मग पाऊण वाटी तेल, वाटीभर शेंगदाणे, पंधरा-वीस लसूण पाकळ्या सालासकट ठेचलेल्या, मूठभर कढीपत्ता, दोन चमचे लाल तिखट, अर्धा चमचा हळद, चमचाभर धने-जिऱ्याची पूड, दोन-तीन चमचे पिठीसाखर आणि मीठ. मीठ बेतानंच, कारण चुरमुऱ्यात ते आधीपासून आहे. तिखटात रंगाला ब्याडगी आणि झणक्याला संकेश्वरी असं मिसळून घेतलं तर उत्तम. नुसत्या ब्याडगीचं भडंग दिसायला देखणं असतं, एवढंच.

शेंगदाणे मध्यम आचेवर तळून, साल तडकू लागली की काढायचे. त्याच तेलात लसूण. इथं घाई नडते. ठेचलेल्या लसणात पाणी असतं. तेलात बुडबुडे येत आहेत तोवर ते पाणी निघतंय असं समजायचं. बुडबुडे थांबले, पाकळी बदामी झाली, साल कुरकुरीत झाली, की झालं. लसूण अर्धवट काढला तर भडंग पहिल्या दिवशी छानच लागतं, पण तिसऱ्या दिवशी डबा उघडला की ओलसर वास येतो आणि चुरमुरे चामट. कढीपत्त्यालाही हाच नियम: धुऊन, कोरडा पुसून, तळताना पान वाजेपर्यंत. नंतर गॅस बंद करून मिनिटभर थांबायचं आणि मगच हळद, तिखट, धने-जिरे. कडकडीत तेलात तिखट पडलं की ते काळं पडतं, घरभर ठसका उठतो आणि भडंगाला जो कडवटपणा येतो तो साखरेनं झाकला जात नाही. या कोमट लाल तेलात चुरमुरे घालून तळापासून वर असं हलवायचं. मीठ आणि साखर सगळ्यांत शेवटी, दोन्ही मिक्सरमधून पीठ केलेली. तेलात मीठही विरघळत नाही आणि साखरही नाही. जाड असेल तर दोन्ही तळाशी जाऊन बसतात आणि डब्यातला शेवटचा वाटा ज्याच्या नशिबी येतो तो तोंड वाकडं करतो.

विकत घेतानाही हीच परीक्षा उपयोगी पडते. पाकीट उभं धरून तळाकडं बघावं. लाल भुकटीचा थर साचलेला दिसला तर मसाला चुरमुऱ्याला धरलेला नाही. पाकिटाला आतून तेलाचे ओघळ असतील तर तेल जास्त झालंय किंवा माल उन्हात पडून होता. सुटं भडंग विकणाऱ्याकडं चव बघायला चिमूटभर मागितलं तर कुणी नाही म्हणत नाही. तेवढ्यात लसणाचा एक तुकडा मुद्दाम उचलून चावून बघावा. वाजला तर पाव किलो घ्यावं.

आता कांद्याचा प्रश्न. गाड्यावरचा मामा विचारतो, "कांदा घालून देऊ?" इथं अनोळखी माणूस सहज हो म्हणतो आणि घाटावर पोहोचेपर्यंत त्याच्या पुडीच्या तळाचा कागद ओला झालेला असतो. बरोबर उत्तर आहे, "वेगळा द्या." चौघांना पाव किलो भडंग, दोन मध्यम कांदे बारीक चिरून, थोडी कोथिंबीर, अर्धं लिंबू आणि तळून मीठ लावलेल्या हिरव्या मिरच्या. लिंबू कांद्यावर पिळायचं, भडंगावर कधीच नाही. थेट पिळलं तर जिथं थेंब पडतो तिथले चार चुरमुरे बसतात आणि बाकीच्यांना आंबटपणाचा पत्ताही लागत नाही. कांद्याला चोळलेलं लिंबू सगळीकडं सारखं पसरतं. आणि एकदम सगळं कालवायचं नाही. दोन-दोन मुठी कागदावर घ्यायच्या, कांदा टाकायचा, संपवायच्या, पुन्हा घ्यायच्या. चिरलेल्या कांद्यावर आधीच मीठ टाकून आणणारेही असतात. मीठ लागताच कांदा पाणी सोडतो, म्हणून तो मोहसुद्धा आवरावा.

पेठेतून नदीकडं जायला गणपती मंदिराची वाट बरी. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी बांधवलेलं हे काळ्या दगडातलं मंदिर. प्रशस्त आवार, आणि तिथून घाट चालत काही मिनिटांवर. देवळाच्या आवारात पुडी सोडायची नाही, एवढं पथ्य. लसणाचा वास चप्पल स्टँडवर ठेवता येत नाही, तरी गाठ मारून पिशवीत ठेवता येतो.

घाटावर कधी जायचं हे ऋतू ठरवतो. सांगली कृष्णेच्या पूर्व तीरावर आहे, समोर पश्चिमेला सांगलवाडी. त्यामुळं घाटाच्या पायऱ्या मावळतीकडं तोंड करून आहेत आणि दुपारभर तापत राहतात. चैत्र-वैशाखात पाच वाजता उत्साहानं गेलेला माणूस पायरीवर टेकतो आणि ताडकन उठतो. दगड चटके देतो, ऊन थेट डोळ्यांवर येतं आणि पाण्यावरून परतलेलं ऊन आणखी वेगळं. उन्हाळ्यात दिवस बुडाल्यावरच जावं, आणि वरच्या पायरीवर बसावं, तिथं वारा लागतो. पौष-माघात नेमकं उलटं: पाचलाच गाठावं, कारण साडेसहानंतर नदीवरून जो गारवा येतो त्यात मिरची खाल्लेल्याचंही नाक गळतं. तापलेल्या पायरीची ऊब त्या दिवसांत फुकटची शेगडी असते. माई घाट, सरकारी घाट, विष्णू घाट यांतला कुठला चांगला यावर गावात एकमत व्हायचं नाही. आयर्विन पूल नीट दिसेल अशी जागा धरावी, हे आमचं मत. १९२९ साली खुला झालेला हा पूल जवळून बघण्यापेक्षा थोडा लांबून, सगळ्या कमानींसह बघण्यात मजा आहे. पुलावर थांबून खाणारेही असतात. वाहतूक मागून जात असताना त्यांना चव कशी लागते कोण जाणे.

पाण्यात पाय सोडून बसायचा मोह मात्र टाळावा. कृष्णेत मगरी आहेत. भिलवडी-औदुंबरच्या बाजूपासून सांगलीपर्यंतच्या पात्रात त्या दिसतात. हिवाळ्यात ऊन खायला काठावर येतात. पाहुण्याला हे सांगितलं की तो हसतो आणि हळूच दोन पायऱ्या वर सरकतो. सरकू द्यावं.

पावसाळ्यात या बैठकीचा बेतच बदलतो. तेव्हा गावात नमस्काराच्या आधी विचारतात, "आयर्विनला किती फूट?" पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका. घाट त्याच्या कितीतरी आधी पाण्याखाली असतो. २००५ साली ५३ फूट ओलांडलं, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ च्याही वर गेलं तेव्हा पाणी पेठेतच शिरलं. पुडी बांधणाराही पाण्यात आणि पायरीही. पूर नसेल तरी आषाढ-श्रावणात उतरत्या पाण्यानं पायऱ्यांवर गाळाचा पातळ साय-थर सोडलेला असतो. दिसायला वाळलेला, पाय ठेवला की घसरगुंडी. शिवाय दमट हवेत भडंगाची उघडी पुडी अर्ध्या तासात मऊ पडते. या दिवसांत भडंग सोडावं आणि गाड्यावर उभं राहून कढईतून निघालेली कांदाभजी खावी. प्रत्येक ऋतूत एकच पदार्थ रेटायचा हट्ट कशाला?

लांबवर जायची तयारी असेल तर हरिपूर. तीन-चार किलोमीटरवर संगमेश्वराचं देऊळ आणि कृष्णेला वारणा मिळते तो संगम. पेठेपेक्षा शांत, श्रावणी सोमवार सोडून. त्या दिवशी यात्रेची गर्दी. याच हरिपुरात जमिनीखालच्या पेवांत हळद साठवत; पेवात ती वर्षानुवर्षं कीड न लागता टिकायची. २००५ च्या पुरात त्यांतली पुष्कळ पेवं गेली. हरिपुरात गाडे मोजके, तेव्हा खायचं सांगलीतूनच न्यावं, पाणीसुद्धा. भडंगावर पाण्यावाचून बसणं ही शिक्षा आहे.

पिण्याचं म्हणाल तर भडंगानंतर चहा घेणाऱ्यांचं कौतुक वाटतं. तिखट जिभेवर कढत चहा म्हणजे वर आणखी फोडणी. ताक बरं, नाहीतर उसाचा रस. उसाच्या जिल्ह्यात रसवंतीची कमी नाही, पण रसही सांगून घ्यावा लागतो. ऊस सोललेला, आपल्यासमोर चरकात घातलेला, सोबत आल्याचा तुकडा आणि लिंबू. बर्फ नको म्हणावं. गारवा येतो पण अर्धा ग्लास पाणी होतं. रस हवा लागली की काळा पडू लागतो आणि चव उतरते, लिंबामुळं ते जरा लांबतं एवढंच. म्हणून भांड्यात आधीच काढून ठेवलेला रस घेण्यापेक्षा पाच मिनिटं थांबलेलं परवडतं.

विश्रामबाग आणि शंभर फुटी रस्त्याकडं संध्याकाळी खाण्याची वर्दळ खरी, लोणी डोशापासून चाटपर्यंत सगळं. बसायला मात्र स्वतःची दुचाकी. स्टँडवर लावलेल्या गाडीच्या सीटवर डिश ठेवून खाणारी कुटुंबं बघितली की कौशल्याचं नवल वाटतं, निवांतपणाचं नाही. आमराई सकाळची: आंब्यांच्या सावलीत फेऱ्या मारायच्या, काही खायचं नाही, बाहेर पडून पोहे. आणि १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी जिथं मराठी नाटक उभं केलं त्या या गावात नाटकाला जाताना भडंग अजिबात न्यायचं नाही. मध्यंतरात बटाटावडा आणि चहा ही रीत शहाणपणाची आहे. वडा आवाज करत नाही. भडंगाचा एक घास तिसऱ्या रांगेतून रंगमंचापर्यंत ऐकू जातो.

पाहुणा निघताना पार्सल मागतोच. त्याला सुटं देऊ नये, हवाबंद पाकीट द्यावं आणि सांगावं की फोडल्यावर लगेच डब्यात ओता, झाकण घट्ट लावा, ओला हात घालू नका. तरीही मऊ पडलंच तर फेकू नये. जाड बुडाच्या कढईत अगदी मंद आचेवर तीन-चार मिनिटं सतत हलवत गरम करावं, तेल न घालता, आणि पूर्ण गार झाल्यावरच परत डब्यात भरावं. गरम भरलं तर झाकणाला वाफ धरते आणि सगळी मेहनत वाया. आच मोठी केली तर आधी लसूण जळतो, मग तिखट. तळलेल्या मिरच्या पाकिटात नसतात, त्या वेगळ्या मागून घ्यायच्या.