तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या बेस गिटारचा रॉड मी लगेच का फिरवत नाही

"नेक जरा वाकलाय, रॉड अर्धा आटा फिरवून द्या, पाच मिनिटांचं तर काम." गणपतीच्या सुपाऱ्या सुरू झाल्या की सोलापुरात हे ऐकल्याशिवाय दिवस जात नाही. रॉड म्हणजे नेकच्या, गिटारच्या लांब मानेच्या, आतली सळई; तिने मानेचा बाक कमी-जास्त करता येतो. ज्या बेसला रॉडचं तोंड हेडस्टॉकपाशी, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाला, उघडं असतं, तिथे लागतात पाचच मिनिटं. साठच्या दशकातल्या फेंडर कंपनीच्या प्रिसिजन बेसचा रॉड फिरवायचा नट मात्र नेकच्या बुडाला, बॉडीच्या आत दडलेला. तारा सैल करा, मागचे चार स्क्रू काढा, नेक उचला, पाव आटा फिरवा, परत बसवा, सुरात लावून मापा. फरक कमी पडला तर पुन्हा पहिल्यापासून.

म्हणून आधी माप. बेस सुरात, पहिल्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या दांडीवर) कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, शेवटचा फ्रेट दाबलेला; सातव्या फ्रेटवर तारेखाली 0.35 मिमीची पट्टी जेमतेम सरकली तर रॉडला हात लावायचं कारण नाही. मग सतराव्या फ्रेटवर तारेची उंची बघायची: जाड ई तारेची 2.8, बारीक जी तारेची 2.4 मिमी. फक्त वरच्या फ्रेटवर खरखर असेल तर सॅडल (बॉडीवर तार टेकते तो तुकडा) किंवा झिजलेले फ्रेट बघा. आणि आपली हवा! मे महिन्यात कोरडीठाक, जुलैत दमट. उन्हाळ्यात लावलेला नेक गणपतीत तसाच राहील हे धरून चालू नका.

एक प्रिसिजन आली होती, आधी दुसरीकडे 'सेटिंग' झालेली. नटाच्या फुलीच्या खाचा अरुंद स्क्रू ड्रायव्हरने पार गुळगुळीत केलेल्या. नेकचे स्क्रू ड्रिल मशीनने पिळलेले, त्यात एका भोकाचे आटे गेले. बॉडीत नेक बसते त्या खाचेतली शिम, म्हणजे कोन साधायला घातलेली पातळ पट्टी, कचरा समजून फेकलेली. त्यामुळे नेकचा कोन बदलला, सॅडल तळाला टेकवली तरी तारा उंचच. मग कुणीतरी नेकचं बूड घासलं. फेंडर 1962 पासून तिथेच तारखेचा शिक्का मारायचे. तो गेला.

नटाच्या खाचा बारीक कानशीने पुन्हा काढता आल्या. भोकात मेपलची खुंटी सरसाने बसवली, रात्रभर वाळवली, नव्याने भोक पाडलं. अर्धा मिलिमीटरची शिम घातली. स्क्रू हाताने, आधी उलटा फिरवून जुन्या आट्यात 'टक्' करून पडू दिला, मगच आवळला. बेस वाजते, चांगली वाजते. शिक्क्याला मात्र औषध नाही, आणि त्याचा राग माझ्या मनातून जात नाही.

पूर्वी मीच सांगायचो, जुन्या बेसला हात लावू नका. पण वाजवणारा माणूस तिच्यावर पोट भरतो, त्याला ती कपाटात ठेवून कसं चालेल? हल्ली काहीजण म्हणतात, बॉडीला छोटी खाच पाडा म्हणजे नेक काढायला नको. रोज वाजवणाऱ्याचं म्हणणं मला पटतं. तरी मूळ लाकडावर पटाशी चालवायला हात धजत नाही; यावर माझं अजून ठरलेलं नाही. तोवर बेस दुपारी आणून संध्याकाळच्या कार्यक्रमाला मागू नका, एक रात्र तरी ठेवून जा.