कुंभार्ली घाट, बारा-दहा आणि जांभ्या चिऱ्याची खेप

कराडहून गुळाच्या ढेपा भरून चिपळूणला उतरायचे आणि परतीला जांभा चिरा घेऊन कुंभार्ली घाट चढायचा, ही आमच्या घरची जुनी खेप आहे. पावसाळ्यात चिरेखाणींत पाणी भरते आणि काम बंद पडते. दिवाळी उलटली, खाणी कोरड्या झाल्या आणि इकडे गुऱ्हाळे पेटली, की दोन्ही बाजूंचा माल एकाच हंगामात तयार होतो आणि रिकाम्या गाडीचा फेरा टळतो. अशाच एका खेपेला मी स्वतः गाडीबरोबर गेलो होतो, त्याचे हे वर्णन. गाडी १९८३ सालची टाटा १२१० एसई. स्टेअरिंगवर आण्णा होते, ज्यांनी माझ्या वडिलांच्या काळापासून हीच गाडी चालवली आहे. त्यामुळे कागदोपत्री मालक मी असलो, तरी प्रवासात माझा दर्जा किन्नर पोराच्या, म्हणजे ड्रायव्हरच्या हाताखालच्या मदतनिसाच्या, जेमतेम एक पायरी वर होता.

ट्रकवाले या गाडीला ‘बारा-दहा’ म्हणतात. बारा म्हणजे मालासकट बारा टनांच्या आसपासचे वजन आणि दहा म्हणजे शंभराच्या घरातली अश्वशक्ती, असा तो सरळ हिशेब आहे. टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेन्झशी पंधरा वर्षांचा करार केला, त्याच वर्षी जमशेदपूरच्या कारखान्यातून पहिला ट्रक बाहेर पडला आणि १९६९ मध्ये करार संपेपर्यंत त्या गाड्यांच्या नाकावर मर्सिडीजचा तारा झळकत असे. तारा गेला तरी इंजिनाचा वंश टिकला. जर्मन ओएम ३१२ इंजिनाला सहा सिलिंडर आणि ९० मिलिमीटरचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, होता. टेल्कोच्या इंजिनात तो ९२ झाला, क्षमता ४,५८० वरून ४,७८८ घनसेंटिमीटरवर गेली आणि इंजिनाचे नावच ६९२ पडले. पुढे ९७ मिलिमीटरच्या बोअरचे ६९७ आले. ही इंजिने देशभर इतकी पसरली, की तालुक्याच्या गावातला फिटरसुद्धा त्यांचे हेड डोळे मिटून उतरवू शकतो.

माझ्या मते बारा-दहा अजून कामावर आहे त्याचे खरे कारण हेच आहे, तिचा मजबूतपणा नव्हे. आजोबांची पहिली गाडी फार्गो होती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज आणि फार्गो ट्रक बनवीत असे. ती गाडी चेसीने बारा-दहापेक्षा उणी नव्हती, असे आण्णा आजही शपथेवर सांगतात. पण तिचे सुटे भाग बाजारातून गेले आणि गाडी परसात उभी राहिली ती कायमचीच. लोखंड टिकते, दुकानदाराने फळीवर वॉशर ठेवणे थांबवले, की गाडी संपते.

कायद्याच्या लेखी अशी गाडी मोठी अडचणीची असते. नॅशनल परमिट दोन आसांच्या ट्रकला बारा वर्षांपर्यंतच मिळते, त्यामुळे जुनी गाडी आपोआप राज्याच्या हद्दीत अडकते. पंधरा वर्षांवरच्या जड मालवाहू गाडीच्या पासिंगची, म्हणजे रस्त्यावर चालण्यास योग्य असल्याच्या तपासणीची, फी एप्रिल २०२२ मध्ये १२,५०० रुपये झाली होती, आणि आठ वर्षांनंतर पासिंग दरवर्षी करावे लागते. गंमत अशी, की २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी वेगळ्या नोंदणीची सोय केली, पण ती खासगी वापराच्या दुचाकींना आणि मोटारींना लागू आहे. जुनी मोटार सांभाळणारा शौकीन ठरतो आणि जुना ट्रक सांभाळणारा चिक्कू ठरतो, याचे मला वाईट वाटत नाही; ट्रक कामासाठीच असतो आणि काम थांबवून त्याला फुलांच्या माळा घालून मिरवण्यात अर्थ नाही. मात्र कामाला लावलेल्या जुन्या गाडीने धूर किती सोडावा आणि ब्रेक कसे लागावेत, याबाबत सरकार कडक असले तर ते योग्यच आहे, असेही मला वाटते.

पहाटे निघण्यापूर्वी आण्णांनी टायर वाजवले. हातभर लांबीची टॉमी, म्हणजे लोखंडी कांब, घेऊन ते गाडीभोवती फिरतात आणि प्रत्येक टायरवर एक ठोका मारतात. भरलेला टायर टणक आवाज देऊन टॉमी उसळवतो, हवा कमी असलेला भद्द वाजतो. मागच्या जोडटायरांमधल्या आतल्या टायरची हवा गेलेली डोळ्यांना दिसत नाही, कारण बाहेरचा टायर त्याचे ओझे निमूटपणे उचलत राहतो आणि थोड्याच अंतरात तापून फुटतो. म्हणून हा ठोका चुकवायचा नसतो. किन्नर पोराने दोन टायरांच्या फटीत अडकलेला एक दगड टॉमीने ठोसून काढला. मग इंजिन सुरू झाले, केबिन थरथरली आणि ब्रेकच्या हवेचा काटा वर येईपर्यंत आम्ही जागेवरच थांबलो.

कराड सोडल्यावर रस्ता कोयनेचे खोरे धरून पश्चिमेकडे निघतो. मल्हारपेठ, नवारस्ता, पाटण असा तो गुहागर-विजापूर राष्ट्रीय महामार्गाचा भाग आहे आणि आता बराचसा सुधारलेला आहे, पण भरलेल्या बारा-दहाला चाळिशीच्या पुढे नेण्यात शहाणपण नसते. दुचाक्या, वडापच्या जीपा, एसटी, सगळेच आम्हाला मागे टाकत होते. एसई प्रकारच्या गाडीत इंजिनाचा निम्मा भाग नाकात आणि निम्मा केबिनमध्ये असतो. मधल्या झाकणावर गोणपाट अंथरलेले असते आणि त्यावर ठेवलेला जेवणाचा डबा दुपारपर्यंत गरम राहतो. थंडीत ही सोय वाटते. एप्रिलमध्ये त्याच झाकणापाशी पाय भाजून निघतात आणि नव्या गाड्यांतल्या वातानुकूलित केबिनचे महत्त्व कोणी पटवून द्यावे लागत नाही.

पाटणच्या वरच्या पठारावर पवनचक्क्या संथ फिरत होत्या. पुढे संगमनगर धक्का आणि कोयनानगर मागे टाकून आम्ही हेळवाकला चहासाठी थांबलो. कोयना नदी मुळात पूर्ववाहिनी. ती कराडला जाऊन कृष्णेला मिळते. धरणाने अडवलेल्या तिच्या पाण्याचा मोठा हिस्सा मात्र सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला सोडलेला आहे, जो पोफळीच्या भूमिगत वीजगृहात जनित्रे फिरवून वाशिष्ठी नदीत उतरतो. म्हणजे आम्ही घाटावरून गूळ घेऊन निघालो होतो, तेव्हा आमच्या शेजारून डोंगराच्या आतून ते पाणीही चिपळुणाकडेच चालले होते. चिपळूण बंदर गजबजलेले होते त्या काळात कराडच्या बाजारपेठेचा माल याच घाटाने बैलगाड्यांतून खाली जात असे, तेव्हा वाटेचा व्यवहार तसा जुनाच आहे.

घाट उतरण्याचा आण्णांचा नियम पूर्वीच्या सर्व ड्रायव्हरांचा असतो तोच: ज्या गिअरात चढशील, त्याच गिअरात उतर. घाटमाथ्यावरच त्यांनी डबल क्लच मारून गाडी खालच्या गिअरमध्ये घेतली आणि पाय ब्रेकपासून दूर ठेवला. इंजिन घुमू लागले, आणि बारा टनांचा तो ऐवज चालत्या माणसाहून थोड्याच अधिक वेगाने एकेक वळण उतरू लागला. ब्रेक फक्त वळणाच्या तोंडाशी, तोही क्षणभर. पॉवर स्टेअरिंग नसल्याने प्रत्येक आखूड वळणावर ते अर्धवट उठून दोन्ही हातांनी चाक ओढत होते. साठी ओलांडलेल्या माणसाने हे करावे, हे मला पाहवत नव्हते, पण तसे बोललो असतो तर त्यांनी मला पुढच्या एसटीत बसवून दिले असते. पोफळीला पोहोचताच त्यांनी उतरून प्रत्येक चाकाच्या हबला तळहात लावून पाहिला. हात टिकतो, म्हणजे ब्रेक घासत नाहीत.

चिपळुणात गूळ उतरवण्यात विशेष सांगण्यासारखे काही घडले नाही. व्यापारी ओळखीचे, हमाल ओळखीचे, काटाही ओळखीचा. मुक्काम करून सकाळी आम्ही सावर्ड्याच्या बाजूच्या एका चिरेखाणीवर गेलो. जांभा खाणीतून निघतो तेव्हा त्यातल्या त्यात मऊ असतो आणि हवा लागली की टणक होत जातो. म्हणून तो खाणीतच कापून घेतात. पूर्वी हे काम हाताने होत असे, आता रुळांवर सरकणारे यंत्र सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, पृष्ठभागावर आधी उभ्या, मग आडव्या चिरा पाडत जाते आणि खाण दुरून लाल पायऱ्यांच्या विहिरीसारखी दिसते. माणसे, कपडे, डबे, सगळ्यांवर तांबडी धूळ बसलेली असते.

भरताना आण्णा स्वतः हौद्यात उभे राहिले. चिरे हातोहात वर येत होते आणि ते थरांची मांडणी सांगत होते. सगळा भार मागे गेला तर पुढची चाके हलकी पडतात आणि चढावर स्टेअरिंग लागत नाही. फार पुढे आला तर पुढचे स्प्रिंगचे पाटे बसतात. सात टनांच्या वर एकही चिरा घेऊ दिला नाही. खाणवाल्याने हसून म्हटले, की दुसऱ्या गाड्या याच्या दीडपट नेतात. आण्णांनी हौद्याचा मागचा फाळका लावत उत्तर दिले, “त्ये गाडी हप्त्यावर घेत्यात. हिचं हप्तं माझ्या अंगावर हायती.” गौण खनिजाचा वाहतूक पास घेऊन आम्ही परतीला लागलो.

शिरगाव, पोफळी मागे पडले आणि चढ सुरू झाला. पहिला-दुसरा, पहिला-दुसरा, एवढेच गिअर. मागे गाड्यांची रांग साचली, की आण्णा रुंद जागा पाहून डावीकडे थांबत आणि हात बाहेर काढून सगळ्यांना पुढे जायला सांगत. सोनपात्राच्या बाजूला एका वळणावर इंजिनाचा सूर अचानक तुटक झाला, गाडीने दोन-तीन आचके दिले आणि ती बंद पडली. किन्नर पोराने गाडी थांबण्याआधीच उडी टाकून मागच्या चाकाला उटी म्हणून एक चिरा लावला. मी रेडिएटरकडे धावलो. आण्णा बसल्या जागेवरून म्हणाले, “धाकलं मालक, तिकडं नगा बघू. मशिन गरम न्हाई, उपाशी हाय.”

गाडीने एअर घेतली होती. डिझेल टाकीतून फीड पंपाकडे ओढले जाते, त्या नळीत कोठे बारीक फट पडली तर डिझेल बाहेर गळत नाही. उलट बाहेरची हवा आत ओढली जाते, पंपात बुडबुडे शिरतात आणि नोझलपर्यंत दाबच पोहोचत नाही. त्यामुळे ओल पाहून फट शोधता येत नाही. आण्णांनी नळीवरून टाकीपासून पुढे बोट फिरवत नेले आणि चेसीच्या क्लॅम्पजवळ थांबले. वर्षानुवर्षे घासून नळी तेथे कागदासारखी झाली होती. त्यांनी अंघोळीचा साबण मळून त्या जागी लिंपला, वरून जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळली आणि तारेने आवळली. मग पंपावरचा हवेचा स्क्रू सैल करून मला हँड प्रायमर, म्हणजे डिझेल ओढायचा हातपंप, मारायला बसवले. आधी नुसता फेस आला, पांढरट, फसफसणारा. बराच वेळ हात चालवल्यावर बुडबुडे विरळ झाले आणि शेवटी स्वच्छ डिझेलची सलग धार वाहू लागली. तेव्हा त्यांनी स्क्रू आवळला. इंजिन तिसऱ्या गरक्याला सुरू झाले.

हे सगळे होत असताना आमच्या मागे एक नवा दहा-चाकी थांबला होता. त्याचा तरुण ड्रायव्हर उत्सुकतेने पाहत होता. त्याच्या गाडीच्या डॅशबोर्डवर दिवा लागला, की संगणक जोडल्याशिवाय दोष कळत नाही आणि कंपनीचा माणूस येईपर्यंत थांबावे लागते, असे तो म्हणाला; पण हाच घाट आपण आमच्या दुप्पट माल घेऊन निम्म्या वेळात चढतो, हेही त्याने ऐकवले, आणि त्यात खोटे काही नव्हते. भाड्याच्या हिशेबात बारा-दहा त्याच्याशी स्पर्धा करू शकत नाही. तिचे कर्ज फिटलेले आहे आणि तिला लहान खाणीची अरुंद वाट चालते, एवढ्यावरच तिचे भागते.

निघताना आण्णांनी उटीचा चिरा आठवणीने उचलून हौद्यात टाकायला लावला. घाटात बंद पडलेल्या गाड्या उटीचे दगड रस्त्यातच टाकून जातात आणि रात्री त्यावर दुचाकीवाले आदळतात. या एका गोष्टीवरून आण्णांनी आजवर किती ड्रायव्हरांशी भांडणे केली असतील, याची गणती नाही.

अंधार पडल्यावर कराडला पोहोचलो. सकाळी बांधकामावर चिरे उतरवले तेव्हा गवंड्याने तुटक्या कोपऱ्यांचे काही बाजूला काढले आणि त्यांचे पैसे कापले. उटीला लावलेला त्यातच होता. दुपारी फिटरने नवी नळी मापाने कापून, तिचे तोंड फुलवून बसवली, आणि क्लॅम्पखाली या वेळी रबराचा तुकडा घातला. मागच्या पाट्यांतले एक पान तडकल्याचे त्यानेच दाखवले. ते बदलेपर्यंत गाडी उभी आहे, आणि गुऱ्हाळवाल्याला चार दिवस थांबायला सांगितले आहे.